उजव्या कुशीचा फोटो

जानूकाका,

सुरुवातीलाच माफी मागतो. तुमच्यावर लिहिणारा मी कोण? येऊरच्या जंगलात तुमच्याबरोबर पंधरा-वीस वर्षं फिरलेली माणसं आहेत. मी दीड वर्ष फिरलो, त्यातलं निम्मं तुमच्या मागून धापा टाकत. शिवाय शेवटचे दोन महिने मी तुमच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. अशानं गप्प बसावं हे बरं. पण बिबट्यांची मोजणी करणाऱ्या आपल्या गटाच्या मॅडम म्हणाल्या, गटाच्या अंकात जानूकाकांवर लेख हवा आणि तो तू लिही. मी म्हटलं, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "जमणार नाही म्हणून नको म्हणतोस, की लिहायचं नाही म्हणून जमत नाही?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहायची सवय कुणालाच नाही. आप्पा गेटवरच्या वहीत गाड्यांचे नंबर लिहितात, आई शहाडच्या घराच्या दारावर दूधवाल्यासाठी खडूनं 'आज नको' लिहिते, एवढंच. मी लिहिलं ते परीक्षेपुरतं. तेव्हा चुकलं तर समजून घ्या. माझी एक मोठी चूक तुम्ही समजून घेतली होती की नाही, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मला लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

तुमचं वय, जन्मगाव, किती वर्षं वनखात्याबरोबर काम केलंत, ते मी विचारून आणलेलं नाही. मॅडम ते चौकटीत वेगळं देणार आहेत. मला तुमची पहिली ओळख आठवते ती येऊरच्या शेवटच्या बसस्टॉपवरची. मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आलेलो, पायात नवे बूट. तुमच्या अंगात कुणीतरी दिलेला निळा ट्रॅकसूट, कमरेला कोयता. तुम्ही आधी बुटांकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"कुठला रं तू?"

"शहाडचा."

"म्हणजे नदीकडचा. मग चढायची सवय नाय."

एवढं बोलून तुम्ही चालायला लागलात. ते खरंच होतं. पहिल्या चढावर माझ्या छातीचा भाता झाला आणि तुम्ही पुढे बिडी ओढत चढत होतात.

बिबट्यांची मोजणी म्हणजे मला वाटलेलं, दुर्बीण घेऊन झाडावर बसायचं. तुम्ही दाखवलंत की आपण बिबट्याला बघायला जातच नाही. तो जिथून जातो तिथे दोन कॅमेरे बांधायचे, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर. समोरून काही गेलं की ते आपोआप फोटो काढतात. दोन कशाला, असं मी विचारलं. मॅडमनी मला वहीत काढून दाखवलं: बिबट्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे आपल्या बोटांचे ठसे, प्रत्येकाचे वेगळे. पण डाव्या कुशीवरचे ठिपके आणि उजव्या कुशीवरचे ठिपके एकसारखे नसतात. एका बाजूचा फोटो असेल तर दुसऱ्या बाजूवरून तो प्राणी ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही कुशी एकाच वेळी मिळायला हव्यात. मी ते वहीत लाल पेनानं चौकट करून लिहिलं. परीक्षेत आलं असतं तर मला पूर्ण मार्क पडले असते.

कॅमेरा बांधून झाला की तो नीट चालतो का बघायला कुणीतरी समोरून बिबट्याच्या उंचीनं जायचं असतं. ते काम नवीन आलेल्याचं. मला हातापायांवर रांगायला लावलंत. मी लाजत, काटे चुकवत, हळूहळू गेलो. तुम्ही कॅमेऱ्यामागे उकिडवे बसला होतात.

"असा चालला तर बिबट्या उपाशी मरंल, मास्तर," तुम्ही म्हणालात. "जरा पोटाला भूक असल्यासारखा चाल."

सगळे हसले. मीही. त्या दिवसापासून मी मास्तर झालो. महिन्याभरानं कार्ड काढलं तेव्हा त्यात एक मुंगूस, दोन भेकरं आणि माझे रांगतानाचे एकवीस फोटो निघाले. तुम्ही सुमनताईला, तुमच्या मुलीला, ते दाखवायला मागून घेतलेत. ती मला अजून त्यावरून हसते.

कॅमेरे बांधायला निघण्याआधी तुम्ही पाड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी थांबायचात. हात जोडून काही पुटपुटायचात. आम्ही बाजूला उभे राहायचो. वाघबारशीला तुम्ही तिथे मला प्रसादाचा भात खायला घातलात, तेव्हा मी जरा शहाणपणानं विचारलं, "काका, वाघोबाला मानता, मग कॅमेरे कशाला?"

"आम्ही त्याला मानतो म्हणून त्याच्या वाटेत जात नाय. तुमच्या लोकांना फोटो दाखवल्याशिवाय पटत नाय. म्हणून कॅमेरे."

मला तेव्हा राग आला होता. तुमच्या लोकांना, म्हणजे मला त्यात धरलंत म्हणून. माझे आजोबा बैल राखायचे, माझे वडील वॉचमन. मी कुठला 'तुमच्या लोकां'मधला? पण मी बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित तुम्ही काहीतरी चेष्टा करून तो विषय संपवला असता आणि पुढचं सगळं वेगळं झालं असतं. असं मला उगाच वाटतं.

आता तिच्याबद्दल. तुम्ही तिला 'नाल्यावरची' म्हणायचात. डोंगरातून उतरणारा एक नाला घोडबंदर रोडच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून जातो. त्या नाल्याकाठी ती फिरायची. कॅमेऱ्यांची जोडी तिथेही होती, पण त्यातला एक कॅमेरा कुणीतरी पट्टा कापून नेला. उरलेल्या एकासमोरून ती दर वेळी एकाच दिशेनं गेली, म्हणून तिचे जे फोटो आले ते सगळे डाव्या कुशीचे. आपल्या ओळखीच्या बिबट्यांच्या आल्बममध्ये तिला एक नंबर मिळाला आणि उजव्या बाजूची चौकट रिकामी राहिली. तुम्हाला त्या चौकटीची गरज नव्हती. तुम्ही तिला चालीवरून ओळखायचात. मागचा डावा पाय ती थोडा आत टाकायची. मऊ मातीत पंजाचे ठसे दाखवून तुम्ही म्हणायचात, "बघ, ही हिचीच सही." मला सगळे पंजे सारखेच दिसायचे.

"ही जाणती हाय," तुम्ही मला एकदा नाल्यात बसून सांगितलंत. "हिला माहिती हाय कुत्रं कुठं आणि माणूस कुठं. सोसायटीवाले उष्टं टाकतात, त्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागं ही येते. कचरा उचला, ही आपोआप कमी येईल. हिला उचललीत तर हिच्या जागी नवा येईल. त्याला इथलं काय ठावं?"

हे वाक्य मी माझ्या प्रोजेक्टमध्ये घातलं. तुमचं नाव न घालता. 'स्थानिकांच्या मते' असं लिहून. त्याबद्दलही माफ करा.

त्या सोसायटीच्या मागच्या गेटवर माझे आप्पा ड्युटीला असतात. आधी ते कोलशेतला एका कारखान्यात होते, तो बंद पडला, मग ही वॉचमनची नोकरी. हे तुम्हाला मी बऱ्याच उशिरा सांगितलं. सांगायला लाज वाटत होती, का ते मला आता सांगता येणार नाही. तुम्ही मात्र कळल्या कळल्या नाल्यातून वर जाऊन त्यांच्या केबिनपाशी उभे राहिलात, तंबाखू मागितलीत आणि दहा मिनिटांत दोघं कुठल्या झाडाचं लाकूड नांगराला चांगलं यावर भांडायला लागलात. आप्पा घरी येऊन म्हणाले, "तुझ्या त्या काकाला नांगरातलं कळतं. शहरात असं माणूस मिळत नाही."

फेब्रुवारीत एक दिवस पहाटे, उजाडत असताना, आप्पांनी केबिनच्या खिडकीतून मोबाइलवर फोटो काढला. भिंतीवरून बिबट्या चाललेला. चांगला स्पष्ट फोटो, उजव्या कुशीचा. आप्पांनी तो सुपरवायझरला पाठवला, सुपरवायझरनं ग्रुपवर टाकला आणि नाश्त्याच्या वेळेपर्यंत सोसायटीत कुणी मुलांना शाळेत पाठवायला तयार होईना. पुढच्या रविवारी क्लब हाऊसमध्ये मीटिंग ठरली. फॉरेस्टचे साहेब येणार होते. आपल्या गटातून कुणीतरी यावं असा निरोप होता. मॅडम परगावी होत्या. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "तू फक्त आल्बम घेऊन जा आणि जानूकाकांना बरोबर ने. ठरवू काही नका, मी बुधवारी येते."

मी तुम्हाला बरोबर नेलं. पण आत नेलं नाही. हे मला लिहायला हवं. दरवाजात एका बाईंनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "आमच्याबरोबर असतात." त्यांनी मला आत घेतलं, तुम्ही दाराशी थांबलात, आप्पांच्या शेजारी. मी वळून 'काका, या ना आत' असं म्हणू शकलो असतो. आत खुर्च्या रिकाम्या होत्या.

चेअरमननी मला पुढच्या रांगेत बसवलं. "हे आपल्या वॉचमनचे चिरंजीव," त्यांनी सगळ्यांना ओळख करून दिली, "बी.एस्सी. करतात, बिबट्यांवर अभ्यास आहे यांचा." लोकांनी माना डोलावल्या. मग ते दाराकडे बघून म्हणाले, "वॉचमन, जरा चहा घ्या इकडे." आप्पा ट्रे घेऊन आले. युनिफॉर्ममध्ये, टोपी काखेत. साहेबांना कप दिला, चेअरमनना दिला, आणि मग ट्रे माझ्यासमोर धरला. मी कप उचलला. आमच्या घरात मी कधी आप्पांच्या हातचा चहा असा घेतला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्याच्यामुळेच पुढचं झालं असं मला वाटतं. हा बहाणा नाही. मी फक्त कसं झालं ते सांगतो आहे.

साहेबांनी विचारलं, "हा तुमच्या यादीतला आहे का? ओळखीचा असेल तर पिंजऱ्याची गरज नाही, आपण दिवे वाढवू, कचऱ्याचं बघू."

मी आल्बम उघडला. आप्पांनी काढलेला फोटो मोबाइलवर मोठा केला. ज्यांच्या उजव्या कुशीचे फोटो होते त्या सगळ्यांशी ठिपके ताडून बघितले. एकही जुळला नाही. नाल्यावरचीच्या पानावर आलो, तिथे उजवी चौकट रिकामी. त्या क्षणी खरं उत्तर एवढंच होतं, की मला सांगता येत नाही. लाल पेनानं चौकट करून लिहिलेलं होतं मी. पण सगळे माझ्याकडे बघत होते. आप्पा ट्रे छातीशी धरून दाराशी उभे होते. मला माहीत नाही, असं मी त्यांच्यासमोर कसं म्हणणार होतो?

"यादीत नाही," मी म्हटलं. "नवीन आहे. बांधा बघता बहुतेक नर."

तेव्हा दाराशी आप्पांच्या मोबाइलवर तोच फोटो बघत तुम्ही म्हणालात, "तीच हाय ती. नाल्यावरची. पाय बघ मागचा, कसा टाकलाय."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कुणीतरी हसलं. चेअरमन म्हणाले, "हे बघा, इथे लहान मुलं आहेत. पायावरून ठरवायचं का आपण?" आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "काका, असं नसतं. पुरावा लागतो."

मी हे मराठीतच बोललो, पण तुमच्याशी ज्या मराठीत बोलायचो त्यात नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेला बोलतो तसं. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघितलंत. मग आप्पांना म्हणालात, "चला, बाहेर बसू," आणि गेलात. आप्पा तुमच्याबरोबर गेले नाहीत. त्यांना कप गोळा करायचे होते.

मीटिंग संपल्यावर मी तुम्हाला शोधलं. तुम्ही निघून गेला होतात, येऊरपर्यंत बहुतेक चालत. चेअरमननी मला मीटिंगमध्ये बोललो तेच एका कागदावर लिहून सही करून द्यायला सांगितलं. मी दिलं. अक्षर चांगलं काढलं. तो कागद पिंजऱ्यासाठीच्या त्यांच्या अर्जाला जोडला गेला. अनोळखी मोठा नर वस्तीत फिरतो म्हटल्यावर साहेबांनाही वरून विचारणा झाली असेल. मॅडम बुधवारी आल्या तेव्हा परवानगीचे कागद पुढे गेलेले होते. त्यांनी फोन करून पाहिले, पण पुढच्या आठवड्यात नाल्याच्या तोंडाशी पिंजरा लागला आणि तिसऱ्या सकाळी ती आत होती.

हो, ती. गुंगीत असताना तिच्या दोन्ही कुशींचे फोटो काढले गेले आणि मॅडमकडे आले. डावी कूस आल्बममधल्या पानाशी ठिपक्याला ठिपका जुळली. उजवी आप्पांच्या फोटोशी जुळली. रिकामी चौकट भरली. मॅडमनी मला रागावून काही म्हटलं नाही. फोटो शेजारी शेजारी लावून फक्त दाखवले आणि म्हणाल्या, "माहिती नसणं हेही उत्तर असतं. ते सांगायला शीक." मी त्यांच्या ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो. तिथून उठून सरळ तुमच्याकडे यायला हवं होतं. मी शहाडला गेलो आणि परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा होतीही, पण दोन महिने कुणाची परीक्षा चालते?

तिला कुठे नेलं, पुढे काय होणार, हे आमच्यापैकी कुणाला कळलं नाही, मॅडमनाही नाही. अशा गोष्टी फॉरेस्टवाले बोलत नाहीत आणि ते बरोबरच आहे. बोललं की माणसं गर्दी करतात. (आज मी जे लिहितो आहे ते साहेबांना विचारून, जागा गाळून.) मी इंटरनेटवर पिंजऱ्यातल्या बिबट्यांबद्दल वाचत बसायचो. काहींना परत सोडतात, काही जन्मभर आत राहतात. जाळीला घासून घासून त्यांच्या कपाळाची कातडी निघते, असंही एके ठिकाणी होतं. ते वाचल्यावर मी जेवू शकलो नाही. आईला वाटलं मला कावीळ झाली.

सोसायटीत मात्र सगळे खूश. चेअरमन आता आप्पांना 'वॉचमन' म्हणत नाहीत, आडनावानं हाक मारतात. आप्पांनी ते घरी दोनदा सांगितलं. "तुझ्यामुळं रं," ते म्हणाले. मी मान खाली घालून भाकरी खात राहिलो. महिन्याभरानं त्याच भिंतीवर दुसरा बिबट्या दिसला. तरुण, बावचळलेला; दिवसाढवळ्या पार्किंगमध्ये शिरला आणि गाडीखाली दडून बसला. लोकांनी फटाके लावले. तो कसाबसा निघून गेला, कुणाला काही झालं नाही. पण तुम्ही सांगितलं होतंत तसंच सगळं. आप्पा म्हणाले, "तुझा काका म्हणत होता ते हेच का?" मी म्हटलं, "कोण जाणे." तुमचं म्हणणं मान्य करायला मला तेव्हाही जमलं नाही.

तुम्ही फोन केले होते. सुमनताईच्या मोबाइलवरून, एका दिवशी दोन आणि दुसऱ्या दिवशी एक. माझ्या फोनवर 'जानूकाका (सुमन)' असं नाव आलं आणि मी तो उशीखाली घातला. मला वाटलं, तुम्ही आता बोलणार. मीटिंगचं, पुराव्याचं, तिचं. तुम्ही कधी ओरडून बोलला नाहीत, मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ऐकायची हिंमत नव्हती. परीक्षा झाली की जाईन, असं मी ठरवलं. परीक्षा झाली. मग ठरवलं, निकाल लागला की जाईन. काहीतरी चांगलं घेऊन जावं, रिकाम्या हातानं नको, असं वाटायचं.

मग गटाच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. जानूकाका आज सकाळी गेले. अंगणात बसले होते, बसल्या जागी. एवढंच लिहिलं होतं. मी तो कितीतरी वेळा वाचला. खाली लोक हात जोडलेली चित्रं टाकत होते. मला तेवढंही टाकता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी आप्पांना सगळं सांगितलं. कागदाचं, रिकाम्या चौकटीचं, माझ्या चुकीमुळे ती पकडली गेल्याचं. ते ड्युटीवरून येऊन पाय धूत होते. धुवायचे थांबले. मला वाटलं, आता यांच्या नजरेतूनही उतरलो.

"मग त्यांना सांगितलंस का, चुकलं म्हणून?"

"ते गेले, आप्पा."

"त्यांच्या घरच्यांना सांग. माणूस गेलं म्हणून सांगायचं ऱ्हातं का?" मग टॉवेल घेता घेता म्हणाले, "आणि त्या दिवशी मी बी त्यांच्यासंगं बाहेर बसायला पायजे होतं. कपं काय पळून जात नव्हती."

म्हणून मी पाचव्या दिवशी पाड्यावर आलो, काका. आप्पाही यायचे होते, त्यांना सुट्टी मिळाली नाही. दुपार होती. तुमच्या अंगणात माणसं येऊन गेलेली, चटया तशाच पडलेल्या. तुमचा निळा ट्रॅकसूट धुऊन दोरीवर टाकला होता. सुमनताई तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं चटईवरची जागा हातानं झाडली. मी बसलो. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ करून आलो होतो, ते सगळं विसरलो. मी म्हटलं, "ताई, ती माझ्यामुळे पकडली गेली. काका बरोबर होते. मी सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं."

"ठावं हाय," ती म्हणाली. तांदूळ निवडायची थांबली नाही.

"रागावले होते का माझ्यावर?"

"रागावले नसतील तर काय? चार दिवस कुणाशी धड बोलले नाय. पोराला शिकवलं आणि पोरगं मला पुरावा शिकवतं, असं म्हणायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, त्याचा बाप समोर उभा होता, पोर तरी काय करणार."

काका, तुम्हाला ते दिसलं होतं. मी जे दोन महिने स्वतःला सांगू शकलो नव्हतो, ते तुम्ही दाराशी उभं राहून पाहिलं होतंत. मी तिथे चटईवर बसून काहीतरी बोललो असेन, आता आठवत नाही. आभार मानायला मी आलेलो नव्हतो, पण त्या वेळी तेच मनात आलं. मला कॉलेजात पुष्कळ लोकांनी शिकवलं आहे. मी कुठे आणि का चुकलो हे माझ्या आधी ओळखून गप्प राहणारं माणूस मला एकच भेटलं.

सुमनताईनं मला पाणी दिलं. म्हणाली, "तू फोन का नाय उचललास रं? तीन वेळा लावला आबांनी. मला म्हणायचे, लाव गं परत, झोपला असंल."

"मला वाटलं, ओरडतील."

"ओरडायला कशाला फोन करतील? त्यांना तुला सांगायचं होतं. साहेबांनी कुणाला बोलू नका म्हणून बजावलं होतं, पण आबा म्हणाले, एवढ्या एका पोराला सांगतो, त्याला झोप लागत नसंल."

"काय सांगायचं होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला अजून माहीत नाही, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

"फॉरेस्टची गाडी आलती ना आबांना न्यायला. तिला सोडलं रं. आपल्याच डोंगरात, वर, लांब. पिंजऱ्याची दोरी आबांनीच ओढली."